वरचा उजवा, दोन नंबर

"पंधरा हायेत," ती बाई म्हणाली आणि गाठ सोडून तिने फडकं काउंटरवर पसरलं. "सोळावा तुमच्याकडं हाय."

जयमालाने मोजले नाहीत. दातांवर चिकटवून ज्यांच्या खोबणीतून तार नेतात, ते तांदळाच्या कणीएवढे पोलादी ब्रॅकेट ती सतरा वर्षं हाताळत आली होती. ती पाहत होती त्यांचा रंग. कडांना निळा, मध्ये मधासारखा, खोबणीत काळा. निखळून आलेला ब्रॅकेट पुन्हा लावण्याजोगा करायचा तर त्याच्या पाठीवरच्या जाळीत घट्ट बसलेलं जुनं सिमेंट जाळावं लागतं. चिमट्यात धरून तो बर्नरच्या ज्योतीत नेला की त्याच्यावर हा रंग चढतो. पण तिच्या हातातला ब्रॅकेट पाच-सात सेकंदच आगीत राहत असे. हे रात्रभर राहिले होते.

"तुम्ही शितलच्या..."

"आई. उधव्याची भिकी. पहिल्या गाडीनं निघाले."

"बसा ना. पाणी देते."

"पाणी नको, बाय. तेवढा मणी दे. परवा बारावा हाय."

डहाणूच्या स्टेशनसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर हा दवाखाना होता. डॉक्टर ललित बुधवारी आणि शनिवारी इथे बसत, उरलेले दिवस वापीला. त्या उरलेल्या दिवसांत कोणाचा ब्रॅकेट ऊस खाताना निघे, कोणाचा कच्च्या पेरूत अडके. मग तो कागदाच्या पुडीत, औषधाच्या रिकाम्या पाकिटात, कधी रुमालाच्या कोपऱ्यात बांधून जयमालाकडे येई. ती तो साफ करून, छोट्या पाऊचमध्ये घालून, वर नाव आणि मधल्या दातापासून मोजलेला नंबर लिहून ठेवी. ज्याचा त्याला परत लागे. वरोरच्या कोळीवाड्यात वाढलेल्या तिच्या बोटांना जाळी साफ करणं शिकवावं लागलं नव्हतं. जाळ्यात कालचं काही अडकून राहिलं तर आज काही लागत नाही, हे तिने बापाकडून ऐकलं होतं. ब्रॅकेटच्या जाळीचंही तेच होतं.

भिकीने एका बोटाने फडक्यावरच्या वस्तू वेगळ्या केल्या.

"ह्या चार कड्या, मागच्या दाढांच्या. आणि ही तार. तारा दोन होत्या ना? एक जळाली का काय?"

जयमालाने वाकून पाहिलं. "नाही जळाली. दोन्ही एकमेकींत गुंतल्यात."

"हा? बरं मंग." तिला जरा हायसं वाटलेलं दिसलं. "हाडं तिसऱ्या दिशी नदीत सोडली. हे नाय सोडलं. हे पुरं करून सोडायचं. चार दाढा काढलेल्या ना तुम्ही तिच्या, जागा कराया? त्यापण मी काडेपेटीत जपलेल्या. सरणावर ठेवल्या. राख मी चाळली, बाय. पीठ चाळायच्या चाळणीनं. दीर बोलला, वयनी, येडी झालीस का. बोलू दे."

"इतकं सगळं..."

"माझी सासू सांगायची. मेल्या माणसाच्या अंगावरचं कायपण मागं ऱ्हायलं, का ते माणूस त्याच्या पाठी येतं. शोधाया." भिकीने आवाज खाली आणला, त्यात भीती नव्हती, थकवा होता. "येते रोज."

"कोण?"

"शितल. दारात उभी ऱ्हाते. बोलत नाय, आत येत नाय. नुसती जिभेनं दात चाचपते. अशी."

भिकीची जीभ वरच्या ओठाखाली सरकली, उजवीकडे वळली आणि एका जागी थांबली. जयमालाने नजर खाली केली. गेल्या शनिवारी तिने त्या मुलीच्या नंबरवर फोन लावला होता, वेळ टळून गेली म्हणून. तिचा भाऊ बोलला होता: परवा सकाळी हायवे ओलांडताना, कंपनीच्या बसकडे धावताना. ती नाय आता. तेव्हापासून जयमालाची स्वतःची जीभ भात खाताना, बोलताना, काहीच न करताना त्याच जागेवर जाऊन थांबत होती. वरचा उजवा, दोन नंबर. दात जागेवर असे. तरी तिथे काहीतरी सुटल्यासारखं वाटे.

पाऊच खणात होता. वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: शितल, उधवा, वरचा उजवा २. तिचा हात खणाच्या कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"डॉक्टरांना विचारून देते," ती म्हणाली.

आत ललित डॉक्टर हातमोजे चढवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बिचारी. मग द्या ना, ताई. यात मला काय विचारायचं?"

"त्यात तिचाच असेल असं नाही, सर."

"म्हणजे?"

"सोनलचा आणि तिचा एकाच दिवशी साफ केला मी. दोघींचा वरचा उजवा दोन. भांड्यात एकत्र पडले. बाहेर काढले तेव्हा कुठला कोणाचा ते कळेना. दोन्ही अगदी सारखे. मग एकेक उचलून पाऊचमध्ये घातला."

डॉक्टरांनी अर्धवट चढवलेला मोजा ओढून काढला. "आणि सोनलला आपण गेल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी..."

"बसवला."

त्यांनी मोजा ट्रेमध्ये टाकला.

"ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केले होते?"

"दोन्ही."

"मग इन्फेक्शनचा प्रश्न नाही. विषय संपला." पण त्यांच्या चेहऱ्यावर तो संपलेला नव्हता. "तुम्ही असं कधी करत नाही, ताई."

"नाही करत."

"आता ऐका. पाऊच द्या. त्यांच्या मनाला बरं वाटेल."

"सोनलचा काढून तिला नवा लावला तर? मग दोन्ही..."

"आणि कारण काय सांगू? तिची मम्मी मुख्याध्यापिका आहे. गेलेल्या मुलीचा ब्रॅकेट माझ्या मुलीच्या तोंडात होता, एवढं एक वाक्य शाळेच्या ग्रुपवर पडलं की मी डहाणूत बसूच नको. आणि मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल. तुम्हाला, कळतंय का?" त्यांनी आवाज मऊ केला. "कोणाला कळणार आहे, ताई? पोलाद आहे ते."

वरोरला तिच्या नवऱ्याची, काशीनाथची होडी दोन वर्षं वाळूवर पालथी होती. त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून घर तिच्या पगारावर चालत होतं. हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. जयमालाने मान हलवली आणि ती बाहेर आली. बाहेर येता येता तिने ठरवलंही होतं. खण उघडायचा, पाऊच द्यायचा, हात जोडायचे. पाण्याला कुठे नंबर वाचता येतात.

बाकावर भिकीच्या शेजारी सोनल येऊन बसली होती.

नवी तार टाकण्यासाठी तिला आज बोलावलेलंच होतं, हे जयमालाच्या मनातून पार निघून गेलं होतं. दहावीतली मुलगी, मांडीवर दप्तर, हातात मोबाइल. भिकी तिच्याकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे. बाजारात एखादी वस्तू आपल्या घरच्यासारखी दिसली की माणूस पाहतं, तसं.

"दुखतं का गं?" भिकीने विचारलं.

सोनलने मोबाइल खाली केला. "नवीन तार टाकली की दोन दिवस. मग सवय होते. तुम्ही पण लावणार?"

"मी? आता दात पडायचे दिस आले माझे." भिकी हसली. "खातेस काय मंग दोन दिस?"

"मॅगी."

"मॅगी! नागलीची भाकर दुधात कुस्करून खा. गरम दुधात. चावायचं कामच नाय, पोटपण भरतं."

"नागलीची? ई."

"ई काय? दात सरळ पायजेत, आणि नागली ई?"

सोनल खळखळून हसली. खिडकीतून आलेल्या उन्हात तिच्या तोंडात वरची ओळ चमकली. "काकी, ऐकलं का? ह्या मला डाएट देतायत," ती जयमालाला म्हणाली आणि मग भिकीकडे वळून, कौतुक सांगावं तसं, "माझा एक निघाला होता ना, ऊस खाताना. मम्मीने मारलंच असतं मला. काकींनी साफ करून दिला, परत लावला. आता कळत पण नाही. बघा, कुठला ते ओळखा."

तिने ओठ वर केला. भिकी पुढे झुकली. तिचं बोट उचललं गेलं आणि हवेत, त्या दातांपासून वीतभर अंतरावर, एकेका ब्रॅकेटवरून सावकाश सरकत गेलं. जयमालाला वाटलं, आता खिडकीची काच तडकेल, खालच्या रस्त्यावरचं सगळं थांबेल. काही झालं नाही. खाली रिक्षावाला तलासरी, तलासरी असं ओरडत राहिला.

"हा," भिकी म्हणाली. बोट थांबलं होतं.

"अरे! बरोब्बर! कसं ओळखलं?"

"माझ्या लेकीचापण तोच निघालेला. म्हणून बोलले."

"ती पण इथेच येते?"

"यायची."

सोनलने आणखी काही विचारलं असतं, पण आतून डॉक्टरांनी तिचं नाव पुकारलं. दप्तर बाकावर टाकून ती गेली. पाठोपाठ जयमालाने जायला हवं होतं. तार, चिमटे, लाळ ओढणारी नळी, सगळं तिच्या हाताखाली असे. ती गेली नाही. तिने खण उघडला, पाऊच घेतला आणि दप्तर बाजूला सारून भिकीच्या शेजारी बसली. या बाकावर ती सतरा वर्षांत कधी बसली नव्हती. इथून दवाखाना वेगळाच दिसत होता. काउंटर उंच, आणि आतल्या खोलीचं अर्धं लोटलेलं दार एखाद्या झाकलेल्या तोंडासारखं.

"भिकीबाय, एक विचारू? नदीत सोडताना त्यात दुसऱ्याची वस्तू चुकून गेली, तर?"

"दुसऱ्याची? मेल्याची का जित्याची?"

"जिवंत माणसाची."

"नाय गं बाय." भिकीने कानाच्या पाळीला हात लावला. "जित्याचं मेल्याच्या हाती द्यायचं नाय. जितं वढलं जातं. पहिलं जेवण उतरतं, मंग अंग उतरतं. का?"

जयमालाने पाऊच दोघींच्या मधे बाकावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा सांगितलं ते डॉक्टरांना सांगितलं तेवढंच होतं: दोन ब्रॅकेट, एक भांडं, एकच नंबर. ते संपल्यावर तिच्या लक्षात आलं की हे खरं असलं तरी पुरतं नाही.

"मी नेहमी एकच घेते हातात," ती म्हणाली. "एकाचा पाऊच बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. त्या दिवशी सोनलचा पाण्यात होता. भांडं सुरू होतं, ते थरथरत असतं, त्यात उरलेलं निघतं. आणि शितल आली. पुडी घेऊन. म्हणाली, काकी, मी बघू कसं करता ते? मी कोणाला बसू देत नाही आत. तिला दिलं बसायला. का दिलं ते मला माहीत नाही. सेकंड शिफ्टला जायचं होतं तिला, कंपनीचा ड्रेस घातलेला. तासभर बसली. पेन्सिली कशा मोजून डब्यात भरतात ते सांगत होती. मी तिच्या हातात चिमटा दिला, म्हटलं धर ज्योतीत तूच. तिने धरला. लाल झाला."

भिकी हलली नाही. "मंग?"

"मग पाण्यात टाकायचा असतो. मी टाक म्हटलं. तिने टाकला, त्या थरथरत्या भांड्यात. सोनलचा आत आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. चूक माझी. तिची नाही."

आतून डॉक्टरांची हाक आली. "ताई, जरा कटर द्या."

जयमाला उठली नाही.

"लाल झाला तवा काय बोलली?" भिकीने विचारलं.

"कोण?"

"शितल. काय बोलली ती?"

जयमालाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. शिव्या अपेक्षित होत्या. रडणं, छाती पिटणं, खाली जाऊन चार माणसं गोळा करणं. "म्हणाली, काकी, माझा दात पेटला. आणि हसायला लागली."

"अशी?" भिकीने उजव्या हाताचा तळवा तोंडावर धरला. बोटं नाकापर्यंत गेली.

"नाही."

"हात नव्हता?"

"एका हातात चिमटा होता. दुसरा टेबलावर."

"मंग दात दिसले असतील."

"सगळे दिसले."

भिकीने आपला हात खाली घेतला आणि मांडीवर उपडा ठेवला. ती बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिली, जणू तो तिचा नव्हता. "सात वरसांची होती, शाळेत पोरांनी चिडवलं," ती म्हणाली. "तवापास्नं हात. लगनात, जत्रेत, फोटूत, घरात माझ्यासमोरपण. बारा वरसं. मी बोलायची, हात काढ गं, आई हाय मी. नाय काढला. पहिला पगार झाला तवा बोलली, आई, मी दात आत घेणार, मंग काढीन हात." तिने जयमालाकडे पाहिलं. "तू पाह्यलंस."

"हो."

"कशी दिसते?"

जयमालाने डोळे मिटून ते हसू आठवलं. तिने सांगायचा प्रयत्न केला. पुढचे दात अजून थोडे बाहेर होते. मधली फट बुजत आली होती. हसताना डाव्या गालाला एक खळी पडायची. ती खळी भिकीला ठाऊक होती, पण नव्याने ऐकावी तशी तिने ऐकली. आत कुठलंच हत्यार वाजत नव्हतं. ते कधीचं थांबलं होतं. दार अर्धंच लोटलेलं आहे आणि आपला एकेक शब्द तिकडे पोचला आहे, हे जयमालाला कळलं. त्याचं जे व्हायचं ते आता होणार होतं, आणि तिला आश्चर्य वाटलं की तिची जीभ तोंडात स्वस्थ पडून होती.

"दोन्ही मिसळले हे कळलं तेव्हा मी घाबरले," ती शेवटी म्हणाली. "तर मलाच म्हणाली, कुठलाबी लावा, काकी. नंबर तर एकच हाय."

"अशीच होती. ताटातली भाजीपण कोणालापण द्यायची." भिकीने पाऊच उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. आतला तुकडा स्वच्छ होता, इतका स्वच्छ की त्याच्यावर कोणाचीच खूण नव्हती. मग तिने तो जयमालाच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"कोणाचा ते ठावं नाय, तो पाण्यात कसा टाकू? हा तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. आणि त्या पोरीच्या तोंडातला काढू नको. चांगला बसलाय."

"पण मग पुरं नाही होणार."

"नाय होणार."

"मग शितल..." ते वाक्य कसं संपवावं हे जयमालाला कळेना. "मग ती येत राहील ना, भिकीबाय?"

भिकी फडक्याची चारी टोकं गोळा करत होती. कड्या, गुंतलेली तार, पंधरा निळे-काळे मणी मधोमध सरकले आणि बारीक वाजले. तिने गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"किती दिस ऱ्हायलेले तिचे? दात पुरे आत जायाला?"

जयमालाने मनात महिने मोजले. दर महिन्याची तार, मग शेवटची जाड तार, मग सगळं उतरवायचं. "आठ महिने. साधारण दिवाळीपर्यंत."

"मंग दिवाळीपर्यंत येऊ दे तिला," भिकी म्हणाली आणि उठली.

दाराशी तिने चपला पायात सरकवल्या. सोनलचं दप्तर बाकाच्या कडेला आलं होतं. ते तिने जाता जाता नीट आत सरकवलं. मग ती जिना उतरू लागली, एकेक पायरी, सावकाश. कठड्याला तिने धरलं नाही. दोन्ही हात फडक्याभोवती होते.